गोदामावरचा ताण

माझ्या नोकरीचं वर्णन एका वाक्यात करायचं, तर मी खांब उभे करत होते. प्रवरेच्या पट्ट्यातल्या एका साखर कारखान्यात वायरलेस विभागाची मी प्रमुख होते. विभागात मी, खांबावर चढणारा रंगनाथ, दोन ऑपरेटर आणि एक जीप. जीपही अर्धा दिवस शेतकी खात्याच्या ताब्यात असायची. तेव्हा विभाग हा शब्द जरा मोठाच होता, पण ऑर्डरीत तसं छापलेलं होतं आणि ती मी जपून ठेवली आहे.

नव्वदीच्या दशकातलं हे सांगते आहे. गावात फोन असला तर एखादाच असायचा, आणि तो चालू असला तर ती बातमी व्हायची. इकडे तोडलेला ऊस दिवसभरात गाळला गेला नाही, तर त्याचं वजन घटतं आणि साखरही. कुठल्या शिवारात तोडणीची टोळी बसून आहे, कुठे ट्रक फसला आहे, कारखान्याच्या आवारात किती गाड्या तुंबल्या आहेत, हे तासातासाला इकडून तिकडे कळायला हवं. म्हणून प्रत्येक गट ऑफिसात एक वायरलेस सेट होता. सेट जेवणाच्या डब्यापेक्षा थोडा मोठा. पण त्याचं बोलणं लांब पोचवायचं तर अँटेना घरांच्या आणि झाडांच्या वर न्यावा लागतो. त्यासाठी साठ फुटी लोखंडी नळीचा खांब. लोक त्याला टावर म्हणत.

असा खांब स्वतःच्या बळावर उभा नसतो. तीन दिशांना तीन-तीन, अशा नऊ तारा त्याला ओढून धरतात. त्यांना आम्ही ताण म्हणतो. तिन्ही बाजूंची ओढ सारखी असेल तोवर खांब सरळ. एक बाजू सुटली की तो उरलेल्या दोघींकडे झुकतो. मला तीन गोष्टींची भीती वाटायची: जवळून जाणारी विजेची लाईन, आकाशातली वीज आणि सैल ताण. पहिलीसाठी नियम सोपा होता. खांब कसाही पडला तरी लाईनपर्यंत पोचता कामा नये. जागा मोजताना खांबाच्या दीडपट अंतर धरायचं. दुसरीसाठी खांबाच्या टोकाला तांब्याचा सुळा, तिथून तांब्याची पट्टी जमिनीत, आणि ढग दिसला की कोणी वर जायचं नाही. तिसरीसाठी काही युक्ती नाही. प्रत्येक ताण हाताने बघायचा, एवढंच.

तांब्याची पट्टी जमिनीत जिथे जाते तिथे खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरावं लागतं. पहिल्याच गावात मी पोतंभर मीठ आणि पोतंभर कोळसा पुरला, वरून तांबं, आणि हे सगळं एका बाईच्या हातून, शनिवारी. दुपारपर्यंत गावभर झालं की कारखान्याने करणी करायला बाई पाठवली आहे. दुसऱ्या दिवशी खड्ड्यावर चार लिंबं ठेवलेली होती. मी ती उचलली, पाण्यात पिळली आणि रंगनाथसकट सगळ्यांना सरबत दिलं. नंतर त्याच गावातल्या आजीबाई उन्हाळ्यात त्या खड्ड्यात आठवणीने तांब्याभर पाणी ओतायच्या, कारण माती ओली राहायला हवी हे त्यांना पटलं होतं. एका मास्तरांनी आपला टीव्हीचा अँटेना गुपचूप आमच्या खांबाला बांधला होता. आणि एका ठिकाणी रोज संध्याकाळी आवाज तुटायचा. शोधायला गेले तर ताणाच्या खुंट्याला म्हैस बांधलेली. धारेची वेळ झाली की ती ओढ घ्यायची आणि इकडे कारखान्यातल्या बेस स्टेशनला खरखर.

याद्या करायची सवय मला वडिलांकडून लागली. ते पुणतांब्याला रेल्वेत गँगमन होते. रुळावरचं काम संपलं की गाडी सोडायच्या आधी ते हत्यारं मोजत. मोजून भरली तरी पुन्हा एकदा मोजत. मी डिप्लोमा करून कारखान्यात लागले तेव्हा पहिल्या आठवड्यात एका पुठ्ठ्यावर खांबाची यादी लिहिली, सतरा कलमांची. रंगनाथला वाचता येत नव्हतं, म्हणून चढण्याआधी मी मोठ्याने वाचायचे आणि तो एकेका कलमाला “व्हय” म्हणायचा. लोक याला “म्याडमची पोथी” म्हणत. मला त्याचं काही वाटत नसे. पोथी लांबली म्हणून कोणी पडलेलं मी ऐकलं नाही.

आता मुख्य गोष्ट. नदीकाठच्या एका गावात घडलेली. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून मला लग्नपत्रिका पाठवतात.

तिथले संचालक दिनकरअण्णा. पांढरंशुभ्र धोतर, आवाज असा की त्यांना वायरलेसची गरजच नव्हती. खांब आपल्या बंगल्याच्या गच्चीवर लागावा अशी त्यांची इच्छा होती. गच्चीवरून पंधरा फुटांवर अकरा हजार व्होल्टची लाईन जात होती. मी फीत काढून मोजलं आणि नाही म्हणाले. अण्णा म्हणाले, एवढ्या लांबून लाईन काय उडी मारून येती का. मी म्हटलं, लाईन येणार नाही, खांब जाईल. ते माझ्यावर महिनाभर रुसले होते.

शेवटी गट ऑफिसशेजारच्या मैदानात, भैरवनाथाच्या देवळापासून थोडं अलीकडे, जागा ठरली. दोन बाजूंचे ताण मैदानातच बसले. तिसरी बाजू गल्लीपलीकडे जात होती. तिथे सोसायटीचं गोदाम होतं, पक्कं, दगडी. त्याच्या स्लॅबवर लोखंडी कडी गाडून ते तीन ताण तिथे आणले. गल्लीतून काय काय जातं, हे मी चार जणांना विचारलं. बैलगाडी, ट्रॅक्टर, उसाने भरलेला ट्रक, लग्नातला बँड. मी भरलेल्या ट्रकची उंची मोजली, ताण त्याच्याही वरून जातील असे ठेवले आणि कलमापुढे खूण केली.

त्या वर्षी ऊस फार होता. चैत्र लागला तरी शिवारात उभा होता. टोळ्या गावाकडे परतायला टेकल्या होत्या आणि ऊन उसातलं पाणी शोषत होतं. त्यात भैरवनाथाची यात्रा झाली, खांब लागल्यानंतरची पहिलीच. यात्रेच्या रात्री वळवाची एक सर येऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गावचा सेट मुका झाला.

आम्ही पोचलो तेव्हा गल्लीत उसाचे ट्रक आणि ट्रेलर एकामागे एक उभे होते. कारखान्याकडून बोलावणं येईपर्यंत हलायचं नाही, असा नियम. आणि बोलावणं यायचा रस्ता बंद. मी सेट तपासला, खालची वायर तपासली. दोष वर होता. अँटेनाच्या सांध्यात पाणी शिरलं असणार. दहा मिनिटांचं काम, पण ते साठ फुटांवर.

अण्णा खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, “बाई, तुमची पोथी आज थोडक्यात आटपा. ऊस उन्हात वाळतोय.”

मी यादी काढली. आकाश निरभ्र, वारा नाही. सेटचा पुरवठा बंद. रंगनाथचा पट्टा, त्याची कडी, शिवण. मैदानातले सहा ताण मी हाताने पाहिले. राहिले गोदामावरचे तीन. गोदामाला मागून एक लाकडी शिडी असायची. ती यात्रेच्या मांडवासाठी नेली होती आणि कुठे ठेवली ते कोणाला माहीत नव्हतं. गट ऑफिसचा क्लार्क सोपान, गरीब स्वभावाचा मुलगा, गल्लीत जाऊन वर बघून आला. म्हणाला, तिन्ही ताण जागेवर हायत म्याडम, घट्ट हायत.

कलम नऊ होतं: सर्व ताण हाताने पाहिले. मी त्याच्यापुढे खूण केली.

हे वाक्य लिहायला मला पुष्कळ वर्षं लागली. तेव्हा लागला तो एक सेकंद. सोपान खोटं बोलत नव्हता. ट्रक उभे होते, अण्णा बसले होते, आणि आधीचे सहा ताण उत्तम निघाले होते. सहा उत्तम निघाले की उरलेले तीन बघायची इच्छा कमी होते. यादी कशासाठी असते, तर नेमकी तेवढ्यासाठी.

रंगनाथ चढला. तो माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, कोल्हारकडचा, अंगाने काटक. खांबाच्या पायऱ्या म्हणजे नळीतून आडवे काढलेले बोल्ट. त्यांवरून तो घाई न करता जायचा. त्याची स्वतःची एक पद्धत होती, मी शिकवलेली नव्हे. ताणांच्या प्रत्येक टप्प्यावर तो थांबायचा, पट्टा अडकवायचा आणि पान्याने तिन्ही तारांवर एकेक टिचकी मारायचा. ताणलेली तार वाजते. पहिल्या टप्प्यावर तीन आवाज आले. चाळीस फुटांवरच्या दुसऱ्या टप्प्यावर दोनच आले. तिसरी टिचकी पोत्यावर मारल्यासारखी वाटली.

त्याने पुन्हा मारली. मग शांतपणे खाली बघून म्हणाला, “म्याडम, गोदामाकडला ताण वाजंना.”

मी गोदामाकडे पाहिलं. वरच्या दोन तारा स्लॅबजवळ पोचता पोचता किंचित पोटात आल्या होत्या, वाळत घातलेल्या धोतरासारख्या. अर्ध्या तासापूर्वी त्या तशा नव्हत्या.

“रंगनाथभाऊ, हलू नका,” मी म्हटलं. “पान्याचा हातसुद्धा नको.”

शिडी नव्हती. गोदामाला लागून उसाने भरलेला ट्रेलर उभा होता. त्याच्या चाकावर पाय देऊन, मोळ्यांना धरून मी वर गेले आणि तिथून स्लॅबवर. उसाच्या पात्याने हात कापले ते नंतर कळलं. स्लॅबवर जे दिसलं ते असं: खालच्या टप्प्याचा ताण जागेवर होता, पण वरचे दोन्ही लोखंडी कडीतून काढलेले होते आणि तार व कडी यांच्यामध्ये अडीच-तीन हातांचा सुती दोर बांधलेला होता. गुरांच्या दाव्याची गाठ, उत्तम बसवलेली. रात्री पावसात दोर भिजून आखडला होता, म्हणून सकाळी तारा ताठ दिसत होत्या. आता ऊन लागून दोर वाळत होता, सैल पडत होता, आणि गाठ तारेवरून बोटभर बोटभर सरकत होती. दोर सुटला असता, तर खांब रंगनाथला घेऊन मैदानाकडे गेला असता. पट्ट्याने तो खांबालाच बांधलेला होता.

मी दोन्ही हातांनी एक तार धरली. एका माणसाच्या ओढीने काही होण्यासारखं नव्हतं, पण सोडवेना. गल्लीत चहाच्या टपरीवर गावातली पोरं बसली होती. त्यांत किसन पैलवान होता, तिशीतला, यात्रेत भैरवनाथाची काठी धरणारा. मी त्याला नावाने हाक मारली आणि वर बोट दाखवलं. त्याने एकदा माझ्याकडे, एकदा दोराकडे पाहिलं. त्याचा चेहरा पडला. काही न विचारता तो आणि चौघे जण ट्रेलरवरून वर आले. एकाच्या खांद्यावर काठीचा जाड दोर होता, आदल्या संध्याकाळपासून देवळाच्या पायरीवर पडून असलेला.

काठी म्हणजे काय, ते बाहेरच्यांसाठी सांगायला हवं. चाळीसेक हात उंच बांबू, एकाला एक जोडून केलेला, त्याला निशाण. यात्रेत तो उभाच्या उभा गावातून मिरवतात. कमरेच्या पट्ट्यात एकजण बुंधा तोलतो आणि चार बाजूंनी चौघे दोर धरून तिला सरळ ठेवतात. देवळाच्या कळसाला टेकेपर्यंत काठी आडवी करायची नाही, झुकवायचीही नाही. काठीची वाट या गल्लीतूनच जात होती. आदल्या संध्याकाळी माझे ताण तिच्या वाटेत आले, तेव्हा या पोरांनी एकेक तार हातांनी धरून कडीतून काढली, खाली घेतली, काठी पार केली आणि पुन्हा ओढून बांधली. खालची तार परत कडीत बसली, वरच्या दोन पुरेनात; तार आवळायचा आमचा आटा पान्याशिवाय फिरत नाही, म्हणून त्या दोघींना मधे दोर.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी स्लॅबवर मी त्यांना सांगू लागले की एकाने इथे उभं राहायचं, दुसऱ्याने तिथे. किसन म्हणाला, “उभं कसं धरायचं ते आमाला ठावं हाय म्याडम. तुमी फक्त त्यो कुटं चाललाय ते सांगत ऱ्हावा.”

आणि खरोखरच त्यांना ठाऊक होतं. जाड दोर तारेच्या फासात ओवून त्यांनी कडीभोवती दोन वेढे दिले आणि पाय रोवून मागे कलले. कोणी हिसका देऊन ओढलं नाही. खांब जेवढा मागतो तेवढंच द्यायचं, तेवढंच घ्यायचं. मी रंगनाथला एकेक पायरी सांगत होते आणि तो डोक्यावर भरलेली घागर असावी तसा उतरत होता. दर पायरीला किसन पुटपुटायचा, “घ्या. घ्या. ऱ्हाऊ द्या.” खालच्या टप्प्याच्या खाली तो आला तेव्हाच किसनचं पुटपुटणं थांबलं.

रंगनाथ जमिनीवर आला, पट्टा सोडला, घडी करून पिशवीत ठेवला आणि पाणी मागितलं. पाणी पिऊन म्हणाला, “आज न्हाई.”

मी म्हटलं, आज नाही.

किसन समोर येऊन उभा राहिला. काठी झुकवता येत नाही, म्हणाला. तान सोडला, पुन्हा बांधला, चांगला बांधला हुता. मी विचारलं, आधी कोणाला का नाही सांगितलं? त्याला प्रश्नच कळला नाही. देवाचं काम, त्यात सांगायचं काय. आणि मला माझी चूक तिथे दुसऱ्यांदा दिसली. गल्लीतून काय जातं, हे मी चार जणांना विचारलं होतं. चौघांपैकी कोणीही देवाला वाहनांत धरलं नव्हतं.

अण्णा मात्र उठून आले. दोर आता पक्का बांधलाय, चार पोरं धरून उभी आहेत, दहा मिनिटांचं काम, तो नाही तर दुसऱ्याला चढवा, असं त्यांचं म्हणणं. गावात नारळाच्या झाडावर चढणारा एकजण होताही. मी पाना घेतला आणि खांबाच्या खालच्या सहा पायऱ्यांचे बोल्ट काढून माझ्या पिशवीत टाकले.

“बाई, तुमच्या जागी दुसरा माणूस बघावा लागंल,” अण्णा म्हणाले.

“बघा,” मी म्हटलं. “तो येईपर्यंत ह्या खांबावर कोणी जाणार नाही.”

मग मी टेबल बाहेर घेतलं आणि नवी यादी केली. गावात मोटारसायकली किती, पेट्रोल कोणाकडे, कारखान्यापर्यंत किती वेळ. दर अर्ध्या तासाला एक चिठ्ठी घेऊन एक स्वार जायचा आणि उत्तर घेऊन यायचा. पहिला स्वार किसन. दुपारपर्यंत गाड्या हलू लागल्या. वायरलेसइतक्या वेगाने नाही, पण हलल्या. तिसऱ्या फेरीला अण्णांनी स्वतःची राजदूत दिली. माझ्याकडे न बघता किल्ली टेबलावर ठेवली.

अहवाल मी त्याच दिवशी लिहिला. शेतकी अधिकाऱ्यांनी सुचवलं की ‘अज्ञात इसमांनी ताण सैल केले’ एवढं पुरे. दुसरा मार्गही त्यांनी सांगितला: सोपानने चुकीची माहिती दिली असं लिहा. दोन्ही जवळपास खरं होतं. दोन्हींत माझं नाव नव्हतं. मी लिहिलं की कलम नऊपुढे खूण माझी आहे आणि हात माझा लागलेला नाही. मला लेखी समज मिळाली. सोपानची नोकरी राहिली, आणि गावात पोलीस आले नाहीत.

राहिली भामाबाई, रंगनाथची बायको. रंगनाथ घरी काही सांगणार नाही हे मला माहीत होतं. दिवस मावळायच्या आत मी त्यांच्या घरी गेले. ती ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. रंगनाथ आत होता. मी सगळं सांगितलं, कलम नऊसकट. तिने मधे एकदाही शेंगा फोडायचं थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाली,

“कागद तुमचा बराबर हुता म्हंता. मंग हात कुटं हुता?”

तिने पुढची शेंग फोडली.

“त्यो वर जातो तवा त्येला खालचं दिसत न्हाई,” ती म्हणाली. “त्येचं खालचं म्हंजी तुमी.”

मग तिने माझे कापलेले तळवे बघितले. आतून हळद आणली, माझ्यापुढे ठेवली. लावली मात्र नाही. नवऱ्याला मी अडवणार नाही, म्हणाली, पोट आहे. पण तो त्या खांबावर असेतोवर तुमचा हात त्या तारेवर पाहिजे. तो खाली येस्तोवर. मी हो म्हटलं. आतून रंगनाथ खोकला. त्याने सगळं ऐकलं होतं.

दोन दिवसांत नव्या कड्या आल्या, पान्याशिवाय उघडणार नाहीत अशा. शिडीही सापडली, मांडववाल्याच्या टेम्पोत. यादीत अठरावं कलम आलं: या वाटेने देव जातो का, आणि किती उंच? पुढच्या हंगामाआधी ते तिन्ही ताण आम्ही गल्लीतून काढून मैदानातच घेतले. किसनने काठी आणून उभी करून दाखवली, आणि मी देवळातल्या सगळ्यांसमोर फीत लावून तिची उंची मोजली. कोणी हसलं नाही.

पण ते पुढे. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पायऱ्यांचे बोल्ट परत बसवले आणि नऊ ताणांना नऊ वेळा हात लावला. यादी पूर्ण वाचली. नेहमी वर बघायचं काम माझं असे. ते मी सोपानला दिलं आणि सांगितलं की अण्णांनी हाक मारली तरी नजर काढायची नाही. मी शिडीने गोदामाच्या स्लॅबवर गेले, खांबाकडे पाठ करून कडीपाशी बसले आणि वरच्या तारेवर तळवा ठेवला.

रंगनाथ दिसत नव्हता. तो चढायला लागला हे तारेतून कळलं. प्रत्येक पायरीला तळव्याखाली बारीक धक्का यायचा, मग थोडा वेळ काही नाही, मग पुढचा. पहिल्या टप्प्यावर तो थांबला. तीन टिचक्या ऐकू आल्या. दुसऱ्या टप्प्यावर तीन. तिसऱ्या टप्प्यावर एक टिचकी थेट माझ्या हाताखालच्या तारेवर पडली आणि कोपरापर्यंत झिणझिणली. मग बराच वेळ तार एकसारखी थरथरत राहिली. तो सांधा उघडत होता, पुसत होता, पुन्हा आवळत होता. ऊन वर आलं. मी कडीवरून नजर काढली नाही. गट ऑफिसातून सेटचा आवाज आला, “हॅलो बेस, हॅलो बेस,” आणि गल्लीतल्या ड्रायव्हरांची गडबड सुरू झाली. कोणीतरी खालून ओरडून सांगितलं की म्याडम, चालू झाला. मी तशीच बसून राहिले.

मग धक्के पुन्हा सुरू झाले, उतरणीचे. मी मोजत होते. शेवटच्या काहींचा अंदाज आला नाही, इतके ते मंद होते. तार निवांत झाली तरी खात्री वाटेना.

शिडीच्या खाली चपला वाजल्या. रंगनाथने मान वर केली. पट्टा त्याच्या खांद्यावर होता.

“सोडा आता म्याडम,” तो म्हणाला. “उतरलोय मी.”